मध्ये न बोललेली मावशी

स्पीच थेरपिस्टच्या दाराबाहेर लाल बॉल बाकाखाली गडगडला आणि तो काढायला टिल्लूच्या मावशीने आणि एका उंच माणसाने एकदमच हात घातला. डोकी आपटायची तेवढी राहिली.

"हवा का रे?" त्या उंच माणसाने टिल्लूला विचारलं.

"हवाय ना! लाल रंग फार आवडतो त्याला," टिल्लूची मावशी म्हणाली.

"मी... त्याला विचारलं होतं," तो हसला.

अडीच वर्षांचा टिल्लू एक शब्द बोलत नव्हता. कान तपासून झाले होते, ते उत्तम होते. आई कामावर गेली की तो मावशीकडे असायचा. त्याने नुसती भुवई उचलायचा अवकाश, दूध, गाडी, खिडकी सगळं हजर!

आत थेरपिस्ट बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "सगळं त्यामुळेच असं नाही. पण त्याला बोलायची गरज पडू द्या. वस्तू हातात धरा, त्याच्याकडे बघा आणि गप्प बसा."

गप्प? समोरच्याचं वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊन पुरं करणारी ही मावशी! आपल्यामुळे पोर मुकं राहिलं, या विचाराने तिला जिन्यातच रडू फुटलं.

मागून तोच माणूस उतरत होता, भाचीचा हात धरून.

"मामा, ही ता रडते?" भाचीने विचारलं.

"आमच्या ठमीचा 'क' हरवलाय," तो म्हणाला. "तुमचं काय हरवलं?"

ती रडता रडता हसली.

मग दर मंगळवारी बाकावर भेट ठरलेली. तो अडखळत बोलायचा, ती मध्येच वाक्य पुरं करायची, आणि हमखास चुकायची.

"काल मला तुमची..."

"छत्री हवी होती?"

"...आठवण आली."

मावशीने घाईघाईने टिल्लूचं नाक पुसलं. ते स्वच्छच होतं.

एका मंगळवारी तिने बॉल हातात धरला आणि गप्प राहिली. टिल्लू रडला, पाय आपटले, फतकल मारून बसला. तिचे ओठ शिवशिवले. मामाने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. ती थांबली... थांबली...

"दे," टिल्लू म्हणाला.

तिने आनंदाने मामाचा दंडच धरला. सोडायचं मात्र जरा उशिराच सुचलं.

पुढे टिल्लूचे शब्द वाढत गेले. ठमीचा 'क'सुद्धा सापडला आणि बाईंनी तिला सुट्टी दिली. त्या दिवशी मामा जिन्यात थबकला.

"पुढच्या मंगळवारपासून आम्ही... म्हणजे, मला..."

'वेळ मिळणार नाही', 'बरं वाटेल', 'विसरू नका'... सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. तिने जीभ दाताखाली धरली. यावेळी चुकीचं बोललं तर हा माणूस 'बरं' म्हणून निघून जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

तो लाल झाला, खोकला, कठड्यावरची धूळ पुसली.

"...मला तुम्ही फार आवडता. माझ्याशी लग्न कराल?"

मावशीने तोंड उघडलं, मिटलं. शब्दांनी ऐन वेळी दगा दिला. मामाने घाई केली नाही. बाईंनी शिकवलं होतं, तसाच तिच्याकडे बघत थांबला.

"मामा," ठमीने अगदी स्पष्ट विचारलं, "ही का बोलत नाही?"

"हो," मावशी म्हणाली.

पुढे जोडायला तिच्याजवळ पहिल्यांदाच काही नव्हतं.