पोपटाची तीन दारं

दौंडच्या स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर घराच्या दारावर 'सारिका खासगी तपास' अशी पाटी लागली, तेव्हा साळूबाईंनी सुनेशी अबोला धरला होता. पाटी काही खाली उतरली नाही. मग अबोला सोडून त्या सुनेबरोबर तपासाला जायला लागल्या. बाईमाणूस एकटं कुठं हिंडणार, असं त्या लोकांना सांगत. खरं म्हणजे आपल्या घरात आपल्याला न कळता काही चालतंय, हे त्यांना सोसत नव्हतं.

त्या मंगळवारी दारात आलेली पोरगी शिरूरहून एसटीनं आली होती. बसा म्हणायच्या आत बसली, आणि पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर आपटल्या. एक साप्ताहिकाचा अंक आणि एक व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट.

"मी आसमीन. माझ्या नावानं भलत्यानंच लिहिलंय. कुणी, ते शोधून द्या."

"काय लिहिलंय?" सारिकानं विचारलं.

"शिवणक्लास घेते मी. आणि 'घोडकाठ' साप्ताहिकात 'घरचा गेम' म्हणून सदर लिहिते. टीव्हीला डबा जोडून खेळायच्या कॅसेटा. नव्या येतात, जुन्याही नवं लेबल लावून परत येतात. कुठली घरातल्यांनी मिळून खेळण्यासारखी, कुठलीला हात लावू नये, ते मी सांगते."

"असल्या खुळाला पेपरात जागा?" साळूबाई गवार मोडता मोडता म्हणाल्या.

"मावशी, कॅसेट पोरं मागतात, पण आणावी लागते आईला. वरचं चित्र बघून आतला माल तुम्हाला कळंल?"

साळूबाईंनी गवारीची शेंग कडकन मोडली. पोरगी बरोबर बोलत होती, याचा त्यांना राग आला.

आसमीननं कॅसेट पुढं सरकवली. "ही 'न्यू पॅरट पॅलेस'. जुन्या 'पॅरट हाऊस'लाच रंगरंगोटी करून आणलीय. मी लिहिलं, जुनाच माल, पोरं पाच मिनिटांत जांभया देतील, घेऊ नका. आणि छापून काय आलं ते ऐका."

तिनं अंक उघडून वाचलं. "'सर्वांगसुंदर खेळ! पोपटापुढं तीन दारं येतात, तिन्ही हुबेहूब. डोळ्यांचा उपयोग शून्य. कान लावावा, खऱ्या दारापाशी बारीक घंटी किणकिणते. घरातलं म्हातारं माणूससुद्धा यात रंगून जाईल.' खाली माझं नाव!"

"मग?"

"मग काय? बायांनी वाचून कॅसेटा नेल्या, आणि शिव्या देत परत आणून टाकल्या. दुकानदाराला विकली गेली म्हणतात मला. क्लासला येणाऱ्यांनी येणं सोडलं. संपादकांनी सदर बंद केलं. ताई, छापलेलं नाव एवढंच माझं स्वतःचं होतं."

साळूबाईंनी गवारीचं ताट बाजूला ठेवलं.

"अक्षरावरून कळलं नाही का?" सारिका म्हणाली.

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. क्लासमधली एखादी पोरगी सुवाच्य लिहून देते, दर वेळी वेगळी. कागद ऑफिसच्या दारातल्या ट्रेमध्ये टाकायचा. जाहिरातवालेही तिथंच टाकतात. छापून झालं की सगळी रद्दी भेळवाल्याकडं."

"म्हंजी कागद भेळीबरोबर गेला," साळूबाई म्हणाल्या. "झाला तपास."

सारिका मात्र चपला शोधत होती.

न्हावऱ्यावरून एसटीनं शिरूर गाठेपर्यंत साळूबाईंची कंबर मोडली. आसमीनच्या वडलांच्या, मीरासाहेबांच्या घरी मोठा रंगीत टीव्ही होता, त्यावर क्रोशाचा रुमाल. आसमीननं डबा जोडला, कॅसेट खोचली.

"मावशी, तुम्हीच खेळा. म्हंजे कळंल, मी उगीच नावं ठेवते का."

"मी? ह्या वयात?" म्हणत साळूबाईंनी रिमोटसारखं ते खेळायचं यंत्र हातात घेतलं. पडद्यावर हिरवागार पोपट उडाला. पुढं तीन दारं आली, लाल, निळं, हिरवं. प्रत्येक दारापाशी पोपट नेऊन बघितला. हिरव्यापाशी घंटी वाजली. आत गेल्या, टाळ्या वाजल्या. पुढच्या मजल्यावर परत हिरवं. त्याच्या पुढंही हिरवं.

"आगं, हिरव्यातच जायचं तर घंटी कशाला वाजिवतोय मेला?" चौथ्या मजल्यावर त्यांनी यंत्र खाली ठेवलं. "ह्यापरास गवार निवडलेली बरी."

"हेच लिहिलं होतं मी!" आसमीन ओरडली.

मग तिनं जुनी कॅसेट लावली. तिच्यात तिन्ही दारं तपकिरी, एकसारखी. घंटी नव्हतीच. अंदाजानं घुसायचं, चुकलं की पोपट पाण्यात.

सारिकानं साप्ताहिकाचा अंक मांडीवर उघडला. "जुन्यात दारं सारखी, पण घंटी नाही. नव्यात घंटी आहे, पण दारं रंगीत. आणि छापून आलेल्या गेममध्ये दारंही सारखी आहेत आणि घंटीही आहे."

"असा गेमच नाही जगात!" आसमीन म्हणाली.

"मंग लिहिणाऱ्यानं बघितलाच न्हाई. थापा हाणल्यात," साळूबाईंनी निकाल दिला. "आन् थापा कोण हाणणार? ज्याला माल खपवायचाय तो. चला दुकानात."

"पण आत्या, बघितला नाही तर घंटी कुठून कळली त्याला?"

साळूबाई उंबऱ्यातच थांबल्या. ही अशी सून. आपण गाठ मारावी आणि हिनं दुसऱ्या टोकानं सोडावी.

बाळासोचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान पिठाच्या गिरणीला लागून होतं. गिरणी अशी घरघरत होती की दुकानातली काच थरथरत होती. बाहेरच्या बाजूला एक भला मोठा रंगीत टीव्ही लावला होता, आणि त्याच्यापुढं स्टुलावर बसून एक पोरगेलासा माणूस पोपट उडवत होता.

"आमी लिव्हलं?" बाळासो ओरडला. ओरडल्याशिवाय तिथं बोलताच येत नव्हतं. "हे बघा!" त्यानं काउंटरखालचं खोकं पायानं पुढं ढकललं. पिवळ्या कॅसेटांनी भरलेलं होतं. "सगळ्या परत आल्या. एक बाई तर तोंडावर फेकून गेली. मला काय खाज सुटलीय खोटं लिहून शिव्या खायची?"

"आधी खपल्या की," साळूबाई म्हणाल्या.

"आन् आता माझी दुसरी कॅसेट कोण घेत न्हाई, ते?"

सारिकानं टीव्हीकडं बोट केलं. "आवाज का बंद ठेवलाय?"

"लावून करू काय? गिरणीपुढं बायको हाक मारती ते ऐकू येत न्हाई मला."

स्टुलावरचा माणूस उठला. तो कैफ, 'घोडकाठ'चं टायपिंग करणारा. आसमीनकडं बघून त्यानं नजर चुकवली.

"ट्रेमधी होतं ते टाइप केलं मी. वाचत न्हाई. हात चालतात, डोकं दुसरीकडं असतं."

"हे सदर तुलाच पाहिजे होतं ना?" आसमीननं धरलंच. "सायबांकडं दोनदा मागितलंस."

"मागितलं. मी तुझ्यापेक्षा चांगला खेळतो. पण लिहिलं असतं तर माझ्या नावानं लिहिलं असतं. तुझं नाव कशाला मोठं करू?"

"घरी कुठली कॅसेट खेळतोस?" सारिकानं विचारलं.

"घरी टीव्ही कुठाय ताई? हितंच. जेवणाच्या सुट्टीत. जुनी, नवी, दोन्ही."

साळूबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्यांना तोच चोर वाटला. पण बाळासोही वाटत होता. गिरणीवालाही वाटायला लागला. सारिका मात्र आभार मानून निघालीसुद्धा होती.

"आगं, काय कळलं तुला? सांगशील का न्हाई?"

"अजून एक जण राहिलेत, आत्या."

'घोडकाठ'चं ऑफिस पेठेत, जिन्याखाली. संपादक मारुतराव पिकल्या मिशांचे, जाकीट घातलेले. टेबलावर अंकांचे गठ्ठे, कोपऱ्यात जुना लहानसा पोर्टेबल टीव्ही. त्याच्या पाठीमागून एक काळी वायर निघून टेबलाच्या खणात शिरली होती. काय तो पसारा, असं साळूबाईंच्या मनात आलं. मॅच चालू होती.

"या. आसमीन, तुला सांगितलंय, प्रकरण थंड होऊ दे," मारुतराव म्हणाले. "आम्ही पाण्याच्या पाळीवर, कांद्याच्या भावावर लिहिणारे लोक. ह्या पोरखेळापायी ऑफिसात भांडणं आली. मी तर त्या डब्याला कधी बोटही लावलं नाही."

टीव्हीत एकदम आरडाओरडा झाला. मारुतराव पुढं झुकले. "कॅच! हे नाचतायत ते आपले का त्यांचे?"

कैफ मागोमाग येऊन दारात उभा होता. "आपले, सायेब."

म्हाताऱ्याचा चष्मा बदलायला झालाय, साळूबाईंनी मनात नोंद केली. मग त्यांचं लक्ष मारुतरावांच्या डाव्या अंगठ्याकडं गेलं. चिकटपट्टी होती.

"काय लागलं वं?"

"चहा सांडला. पोळलं."

"चहानं?" साळूबाई म्हणाल्या. जन्म चुलीपुढं गेलेला. "चहा सांडला की हात पोळतो. अंगठ्याच्या शेंड्याला एकट्याला कसा फोड येईल?"

मारुतरावांनी हात जाकिटाच्या खिशात घातला.

सारिका हसली. साळूबाईंना वाटलं, आपल्यालाच हसली. त्या भडकणार, तेवढ्यात ती म्हणाली, "कैफ, बाळासोंना बोलावून आण. आसमीन, तुझा डबा आणि नवी कॅसेट घेऊन ये. आत्या, तुम्ही परत एकदा खेळायचंय."

"आता मी खेळत न्हाई जा. सकाळपासनं नाचिवतीयस."

पण सगळे जमले आणि यंत्र हातात आलं, तेव्हा सगळ्यांदेखत नाही म्हणायला साळूबाईंना जड गेलं. हिरव्यातच तर जायचंय. मॅच गेली, पोपट आला. दारं आली.

घंटी न ऐकताच साळूबाई पहिल्या दारात घुसल्या. पोपट पाण्यात.

परत. दुसऱ्या दारात. पाण्यात.

बाळासो खुसखुसला. साळूबाईंचे कान तापले. तिसऱ्यांदा पोपट बुडाला तेव्हा त्या कडाडल्या, "आगं सारिके, हिरवं दार कुठं गेलं?"

पडद्यावर तीन राखाडी दारं होती. हुबेहूब.

"हाच तो गेम," सारिका म्हणाली. "जगात नाही असं आपण म्हणत होतो तो. कॅसेट नवीच आहे, म्हणून घंटी आहे. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट आहे, म्हणून दारं सारखी आहेत. लिहिणाऱ्यानं थाप मारली नाही. त्याला जसं दिसलं तसं लिहिलं."

आसमीनचा हात तोंडावर गेला.

"बाळासो आणि कैफ दोघंही दुकानातल्या टीव्हीवर बघतात. तो रंगीत, आणि मुका. त्यांना दारांचे रंग दिसले असते आणि घंटी ऐकू आली नसती. छापलंय ते बरोबर उलटं. मग शांत जागी, बिनरंगाच्या टीव्हीवर कोण खेळलं? मॅचमधले निळे कपडे कुठले ते ज्याला दिसत नाही, तो. चष्म्याचा दोष नाही. टीव्हीत निळा रंगच नाही."

"कैफनं तर बरोबर सांगितलं की," बाळासो म्हणाला.

"तो खेळाडूंची तोंडं ओळखतो. मारुतराव, तुमचा अंगठा आत्यांनीच पकडला. ह्या यंत्राचं फुलीसारखं बटण डाव्या अंगठ्यानं दाबतात. तासन्‌तास दाबलं की शेंड्याला फोड येतो. आणि ती वायर कुठं गेलीय, खण उघडून दाखवता का?"

मारुतरावांनी खण उघडला. आत डबा होता, त्यात पिवळी कॅसेट खोचलेली.

"आसमीनचा लेख वाचला," ते खालमानेनं म्हणाले, "आणि वाटलं, इतका वाईट असतो का एखादा खेळ? आणून बघितला. दुपारी शटर ओढून खेळायचो. डोळे मिटून ती घंटी ऐकायची... पोरी, तू अन्याय केलास त्या खेळावर. तुझा कागद काढून माझा ट्रेमध्ये ठेवला. पण मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही."

"मग स्वतःच्या नावानं का नाही लिहिलंत?" सारिकानं विचारलं.

"संपादकानं? पोपट उडवतो म्हणून? लोक हसतील."

"लोक मला विकली गेली म्हणाले तवा कुणी हसलं न्हाई, सायेब." आसमीनची शुद्ध भाषा गळून पडली होती. "तुम्ही दिसलं ते लिहिलं. पन माझ्या डोळ्यांनी का लिहिलं? आन् बायका ओरडत आल्या तवा गप का बसला? माझा टीव्ही बघाया एकदा घरी आला असता, तर दोघांचंबी खरं निघालं असतं."

साळूबाईंना राहवलं नाही.

"मिशा एवढ्या वाढवल्या, त्यामागं लपायला व्हय? पोरीच्या पदराआड लपायचं तर मिशा तरी काढा."

कैफ खोकला. मारुतराव लालेलाल झाले, पण मान डोलली. "काय करू सांगा."

"पहिल्या पानावर, जिथं तुमचा अग्रलेख येतो तिथं," आसमीन म्हणाली. "काय केलं ते लिहा. तुमच्या नावानं. शेजारी माझं मत, माझ्या नावानं. आणि सदर चालू."

"तुझं मत आता बदललं असेल ना पण? इथं बघितल्यावर?" मारुतरावांनी विचारलं.

आसमीननं पडद्यावरच्या राखाडी दारांकडं बघितलं. "रंग देऊन गेम बिघडवला असं लिहीन. घेऊ नकाच. पण घरी रंगीत टीव्ही नसला, तर घ्या."

बाळासोनं काउंटरखालचं खोकं आठवून मोठा श्वास सोडला.

पुढचा अंक टपालानं दौंडला आला. पहिल्याच पानावर मारुतरावांचं नाव आणि कबुली होती, शेजारी आसमीनचं नाव, दोन्ही एकाच आकाराच्या टायपात. सारिका तो दाखवायला आत गेली.

साळूबाई टीव्हीपुढं पाटावर बसल्या होत्या. धाकट्या लेकानं माळ्यावर टाकलेला गेमचा डबा खाली उतरला होता. आसमीननं "नजरेसमोर नको" म्हणून देऊन टाकलेली पिवळी कॅसेट त्यात होती. रंगीत टीव्ही घ्यायचा म्हणून वर्षभर घरात कटकट चालली होती, ती साळूबाईंनी कालच बंद पाडली होती.

"आत्या, आसमीनचं छापून आलंय. क्लासच्या बायका परत यायला लागल्या म्हणे."

"येणारच."

पोपट दारापुढं घुटमळत होता.

"मधलं दार असेल, आत्या. मागच्या वेळी..."

"गप," साळूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. "ऐकू दे मला."