ती जिथे थांबायची

पटो न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. तेरा वर्षांपूर्वीचा मंगळवार, भर दुपार, त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान.

मामा एक नंबरचा हट्टी. हातातलं मशीन सुरू झाल्याशिवाय जेवायचा नाही. मामीने त्यापायी डोकं आपटून घेतलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी एक गृहस्थ जुना लॅपटॉप घेऊन आले.

"व्हिडिओ अडकतो हो. आमच्या मुलीचा आहे. गेली ती, मागच्या वर्षी. बायको रोज बघते. नीट चालला तर तिला जरा बरं वाटेल."

मामाने व्हिडिओ लावला. आठ-नऊ वर्षांची पोर दोरीवरच्या उड्या मारत होती. एका उडीवर चित्र थिजलं. पोर हवेतच.

आवाज मात्र आला...

"आई, आलीस का?"

चित्र मागे पडून आवाज पुढे पळाला असेल, मामाला वाटलं. जुन्या मशीनचं नेहमीचं दुखणं. त्याने आत एक छोटं कार्ड बसवलं. व्हिडिओ चालवायचं ओझं ते कार्ड उचलतं. आता व्हिडिओ शेवटपर्यंत सुरळीत चालला.

पण ते वाक्य...

कुठेच नव्हतं.

मामाने तीनदा ऐकलं. मग कानांना दोष दिला आणि लॅपटॉप देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांची बायको लॅपटॉप घेऊन आली. रडून रडून डोळे सुजलेले.

"भाऊ, काल बसवलंत ते काढा. ती आता थांबतच नाही. 'आई, आलीस का?' विचारत नाही. उड्या मारते आणि जाते निघून."

मामाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"शेवटी हॉस्पिटलात तिने हेच विचारलं होतं म्हणे. मी खाली औषधं आणायला गेले होते हो... म्हणून मी रोज तिला सांगायचे, आले गं."

मामाने कार्ड काढलं. व्हिडिओ लावला. पोर पुन्हा हवेत थिजली.

दोघं श्वास रोखून बसले...

काहीच नाही.

"आले गं, आले," बाई पडद्याला म्हणाली. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी लॅपटॉप पोटाशी धरून ती निघून गेली. मामाला घास गेला नाही.

महिन्याभराने त्याने तेच कार्ड दुसऱ्या एका लॅपटॉपमध्ये बसवलं. तपासायला कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ लावला. नवरी हसत होती. अचानक चित्र थिजलं...

"आई, आलीस का?"

मामा कार्ड घेऊन पळतच त्यांच्या घरी गेला. दाराला कुलूप. फोन बंद. दोघं गाव सोडून गेल्याचं शेजारणीने सांगितलं. कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ते कार्ड आजही मामाच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये आहे. त्या दुकानात एकटं बसायला मला अजून भीती वाटते. एकदा मी म्हणालो, "मामा, फेकून दे ना ते."

मामा माझ्यावर खेकसला. मग लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत म्हणाला,

"रोज विचारते रे ती. मी सांगतो, येतेय हं तुझी आई. फेकलं, तर एवढं खोटं बोलायलाही तिच्याजवळ कुणी उरणार नाही."