दीडपट वेग

खालापूरच्या कबड्डी शिबिरात त्या साली एक नवंच खूळ आलं होतं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, की समोर मैदान उभं राहायचं आणि सात गडी अंगावर येऊ लागायचे. प्रवीण सर त्या व्हिडिओचा वेग हळूहळू वाढवत. खऱ्या खेळाइतका वेग वाटला, की खेळाडूनं "खरं" म्हणायचं. मूळ वेग सगळ्यांनाच मंद वाटे. आकडा जितका मोठा, तितकी नजर चपळ, असं सर सांगत. बहुतेक जण सव्वापटीला थांबत.

पोशीरचा धनेश दीडपटीला थांबला, तेही चाचरत, चोरी पकडली गेल्यासारखा. सरांनी आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

ती रेघ दहिवलीच्या विपुलला झोंबली. जिल्हा संघात चढाईपटूची एकच जागा होती. सहा वर्षं तो घाम गाळत होता. आणि हे ध्यान, कोणाशी धड बोलत नाही, एकटंच कोपऱ्यात जेवतं, त्याचं सरांना कौतुक! विपुलच्या पोटात दुखत होतं, आणि स्वतःशी तो ते कबूलही करत होता.

त्याची पाळी आली. सव्वापटीलाच त्याला सगळं खरं वाटलं. तो गप्प राहिला. दीडपटीला गडी तुरुतुरु पळू लागले. तरी गप्प.

"खरं," तो दुपटीला म्हणाला.

"नक्की?"

"नक्की, सर."

सरांनी त्याचा सराव दुपटीवरच लावला.

पहिले चार दिवस डोकं भणभणलं. पाचव्या दिवशी गडी साध्या चालीनं येऊ लागले. विपुल स्वतःहून म्हणाला, "अजून वाढवा, सर."

आठवड्याभरात, चष्मा काढल्यावरही सरांचं बोलणं लांबत गेल्यासारखं वाटू लागलं. घरी आईच्या पळीतली आमटी ताटात पडता पडेना. "काय रं, जेवत का नाय?" एवढं विचारायला तिला केवढा वेळ लागला. विपुलला भीती वाटायला हवी होती. त्याला आनंद झाला. आता धनेशची खैर नव्हती.

निवडीच्या सामन्यात रसायनीचे गडी पाण्यातून चालल्यासारखे हलत होते. विपुल त्यांच्यामधून फिरला, तिघांना शिवला आणि मधल्या रेषेवर परतला. सरांचा हात वर गेला. जागा त्याची झाली.

त्यानं आधी धनेशचा चेहरा शोधला.

मैदान थबकलं होतं. तोंडं उघडी, धूळ अधांतरी.

बाकावरून धनेश उठला आणि साध्या चालीनं त्याच्याजवळ आला.

"तुला पन दिसाया लागलं?" त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

विपुल मागं सरला. "तू... कधीपासून?"

"वर्ष झालं, ह्यो चष्मा यायच्या आधीपासनं. मग आईची हाक पुरती ऐकूच येईना. म्हणून दीडपटीला थांबलो रं. खरा आकडा सांगायचं भ्या वाटलं."

"मला नाय पायजे हे."

धनेश हसला. विपुलनं त्याला हसताना प्रथमच पाहिलं.

"बस जरा. लय दिवसांनी कोन तरी बोलाया मिळालं."

विपुलनं प्रेक्षकांकडे पाहिलं. त्याच्यासाठी टाळीला उचललेले शेकडो हात हवेत होते. तळव्यांमधलं अंतर मघाशी होतं तेवढंच होतं.