चाळीस वर्षांचा रंग

चावीवाल्याचं दुकान समजून तो तिच्या फ्रेमच्या दुकानात शिरला होता, आणि चूक कळल्यावर भिडेखातर एक फ्रेम घेऊन गेला. मग महिन्याभरात आणखी तीन. एका माणसाच्या घरात असतात तरी किती भिंती, असं तिच्या वहिनीने विचारलंच. पाचव्या खेपेला त्याने रुमालातून एक चांदीचं टोकन काढलं. नाट्यगृहाच्या खिडकीवर तरुणपणी विक्रमी तिकिटं विकली म्हणून त्याच्या आईला मिळालेलं. आई गेल्या वर्षी गेली होती.

"याला तुमच्याच हातची चौकट हवी," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

टोकन काळवंडलं होतं. त्याला खूश करायचं म्हणून तिने टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन ते घासघासून लख्ख केलं. घासताना गाणंसुद्धा गुणगुणली.

आज तो आला. टोकन कडेने दोन बोटांत धरून त्याने उजेडात फिरवलं... आणि कड पुन्हा एकदा निरखून पाहिली.

"छान दिसतंय ना?"

"हो. चकाकतंय." तो हसायचा प्रयत्न करत होता. "कडेला निळी-जांभळी झाक होती. आई म्हणायची, चाळीस वर्षांचा रंग आहे, पुसू नकोस."

आता तिलाही ब्रशचे बारीक ओरखडे दिसले. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कौतुकाच्या हावेपायी आपण याच्या आईची आठवण खरवडून काढली!

"रागवा तरी माझ्यावर," ती कशीबशी म्हणाली.

त्याने खिशातून एक नाणं काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचा चेहरा पार झिजला होता. "आजोबांचं. बारा वर्षांचा असताना मी लिंबू आणि राखेने घासलं. तीन दिवस त्यांच्यासमोर जेवायला बसलो नाही. तुम्हाला कोणत्या तोंडाने रागवू?"

"मग चांदी साफ करायचीच नाही?"

"ॲसिटोनमध्ये बुडवायची, शुद्ध पाण्यातून काढायची, मऊ कापडाने टिपायची. चिकटा जातो, रंग राहतो. घासायचं तेवढं नाही."

"आणि गेलेला रंग?"

"येतो हळूहळू. वीस-पंचवीस वर्षं लागतात. ओरखडे मात्र राहतात."

तिची मान वर होईना. "मी... दरवर्षी येऊन बघत जाऊ? म्हणजे, माफी मागायला."

"दरवर्षी कशाला ये-जा?" तो टेबलावरच्या नाण्याशी चाळा करत राहिला. "माझ्या घरी एक भिंत अजून रिकामी आहे. तुम्ही तिथेच राहिलात, तर... रोज बघता येईल."

त्याने टोकन पुढे केलं. या वेळी तिने ते कडेने, दोन बोटांत धरलं. गाल अजून शरमेने जळत होते, पण आता ती शरम एकटीची उरली नव्हती.

"येईन," ती टोकनाकडे बघतच म्हणाली. "घरातले जुने ब्रश तेवढे आधी फेकून द्या."