दोन तलवारी, ढाल नाही

हाडांच्या दवाखान्यात प्रेमात पडायला कुणी जात नाही. तीही गेली नव्हती. ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात वरच्या फळीवरची फ्रेम काढताना पायाखालचं स्टूल सरकलं आणि डावा हात प्लास्टरमध्ये गेला, एवढंच. दर मंगळवारी सकाळी दाखवायला यायचं होतं.

पहिल्याच मंगळवारी बाकावर एकच जागा रिकामी होती. समोर टीव्ही, त्याला जोडलेला एक व्हिडिओ गेम... लहान पेशंटांनी रडू नये म्हणून ठेवलेला. शेजारी बसलेला तरुण मात्र लहान नव्हता. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हाताने तो कंट्रोलरशी झटापट करत होता. पडद्यावर पुलाच्या तोंडाशी एक राक्षस उभा होता आणि याच्या योद्धीला पुनःपुन्हा लोळवत होता.

"तुमचा उजवा हात मोकळा दिसतोय," तो म्हणाला. "उसना मिळेल?"

तिला हसू आलं. "मला खेळता येत नाही."

"मलाही नाही. मी कुलपं उघडतो. परवा एक उघडलं, तर दारच अंगावर आलं." त्याने कंट्रोलर दोघांच्या मध्ये धरला. "डावी बाजू माझी, उजवी तुमची. मी हिला चालवतो, तुम्ही हिला बघायला लावा. तुम्ही जिकडे बघाल, तिकडेच मी चालणार."

हे वाक्य खेळाबद्दलच होतं. तरी तिचे कान तापले.

"ढाल नाही का हिला?" तिने घाईने विचारलं.

"आहे ना. पण ढाल घेतली की तलवार एकच. दोन्ही हातांत तलवारी हव्या असतील, तर ढाल खाली ठेवावी लागते."

"मग ढालच घेऊ."

ती होतीच तशी. आभाळ निरभ्र असलं तरी पिशवीत छत्री ठेवणारी. दोघांनी ढाल घेतली आणि पाच मिनिटं राक्षसाचे तडाखे झेलत उभे राहिले. योद्धीला खरचटलंही नाही. पूलही तसाच पलीकडे राहिला.

"कंटाळली असेल बिचारी," तो हळूच म्हणाला. "एकदाच... घेऊया दोन?"

तिने मान हलवली. योद्धीने ढाल टाकली, पाठीवरून दुसरी तलवार उपसली. आधी सगळा गोंधळ झाला. त्याची डावी तलवार लवकर, तिची उजवी उशिरा. दोघांची प्लास्टरं मध्येच टक् टक् आपटत होती. आणि मग, कुणी एक-दोन-तीन म्हटलं नसताना, दोघांची बोटं एकाच क्षणी बटणांवर पडली.

योद्धी गर्रकन फिरली. दोन्ही पाती एकमेकांना ओलांडून गेली, निळा उजेड पडदाभर पसरला आणि तो डोंगराएवढा राक्षस एक पाऊल मागे सरला. दोन अनोळखी माणसांच्या एकेका हातातून इतकं सुंदर काही घडू शकतं, यावर तिचा विश्वास बसेना.

"हे... आपण केलं?"

"अर्धं तुम्ही," तो म्हणाला. त्याचाही आवाज खाली आला होता.

पुढच्या क्षणी राक्षसाने योद्धीला आडवं केलं, तेवढ्यात नोंदणीच्या खिडकीतल्या मावशींनी तिचा नंबर पुकारला.

त्यानंतर मंगळवार लवकर यायला लागला. घरी तिच्या ताईने विचारलं, "हात मोडलाय की लॉटरी लागलीय?" पुलावरच्या लढाईत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पूल काही सर होत नव्हता, आणि मनातून तिला तो व्हायला नकोच होता.

मग एका मंगळवारी तो आतून बाहेर आला तो प्लास्टरशिवाय. "सुटलो," म्हणाला. आता त्याला दोन हात होते. उसना हात कशाला लागणार? जिभेवर आलेलं तिने गिळलं, नुसतं "छान" म्हणाली आणि स्वतःच्या भित्रेपणाचा राग करत घरी गेली.

पुढच्या मंगळवारी तिचंही प्लास्टर निघालं. आतला हात वाळला होता, कातडी सुटत होती. तो बाहीत लपवून ती बाहेर आली.

बाकावर तो बसला होता. त्याचा आज नंबर नव्हता.

"खेळायला आलास?"

"दोन्ही हातांनी करून बघितलं," तो म्हणाला. "हात पुरतात. पण... तू बघत नसलीस की चालायचं कुठे, तेच कळत नाही."

ती शेजारी बसली. उजवा हात सवयीने कंट्रोलरच्या उजव्या बाजूवर गेला. डावीकडे त्याचा डावा हात होताच. मधे दोघांचे सुटलेले हात उरले, सारखेच वाळलेले. बाहीतून तिने आपला बाहेर काढला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारीच सांगणार होते."

त्याने बोटं मिटून घेतली. त्या दोन हातांकडे तो असा बघत राहिला, जणू हेही दोघांनी मिळूनच केलंय यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"मलाही," तो म्हणाला. आणि मग, "ढाल घेऊ का आज?"

"नको."

पुलाच्या तोंडाशी राक्षस वाट बघत होता. दोघांनी एकदमच बटण दाबलं.