रविवारची खूण

मंगळवार, १५ नोव्हेंबर २०३९. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मिरजेच्या टपाल कार्यालयात शालन घाडी यांना त्यांची आई दिसली. आईला जाऊन तेव्हा छप्पन्न वर्षे झाली होती.

शालनताई पासष्ट वर्षांच्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत तीस वर्षे शिवणकाम शिकवून त्या निवृत्त झाल्या. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणून त्या रांगेत उभ्या होत्या. समोरच्या भिंतीवर सूचनापटल होते. त्यावर एक कृष्णधवल जाहिरात आवाज बंद करून पुन्हा पुन्हा चालू होती. समुद्रकिनारा, गवताचा घागरा, गळ्यात फुलांची माळ, आणि हवाई बेटांवरच्या हुला नर्तकीच्या थाटात डुलणारी एक सडपातळ बाई. खाली ओळ होती : ‘खोबरेल तेलाची जाहिरात, १९८१. नर्तकी : मिस लोला. विलोपन : ३० नोव्हेंबर, दुपारी बारा.’

मिस लोला म्हणजे पार्वती घाडी. वेंगुर्ल्याहून मुंबईला आलेली, नवरा गेल्यावर हॉटेलात नाचणारी बाई. शालनताईंनी रांग सोडली. दाखला त्या दिवशी राहूनच गेला.

विलोपन म्हणजे काय, हे तोवर बहुतेकांना माहीत झाले होते. जाहिराती आणि चित्रपट बनवणारी यंत्रे जुन्या चित्रफितींवरून शिकतात. हुला म्हटले की त्यांना गवताचा घागरा आणि हलणारी कंबर एवढेच येत असे, कारण शंभर वर्षांत जगाने तेवढेच चित्रित केले होते. मूळ हुलामध्ये हात बोलतात, वंशावळी आणि प्रार्थना सांगतात; ते कुठे नव्हतेच. एक नकली नमुना शिल्लक राहिला तरी यंत्र त्यातून हजार नर्तकी घडवी. म्हणून बेटांवरच्या नृत्यशाळांनी नऊ वर्षे भांडून ‘प्रतिमा-परतावा करार’ मिळवला. खऱ्या हुलाच्या चित्रफिती त्या त्या घराण्यांना परत द्यायच्या, आणि नकली फिती जगातल्या प्रत्येक साठ्यातून, मूळ फितीसकट, नष्ट करायच्या. त्याआधी तीस दिवस त्या फिती लोकांना दाखवायच्या. हरकत एकाच मुद्द्यावर घेता येई : फितीतले हात काहीतरी सांगत आहेत, हे सिद्ध करायचे.

दुपारी दोन वाजता शालनताई सांगलीच्या परतावा कक्षात पोहोचल्या. तिथल्या नोंद अधिकारी दिलशाद नदाफ चौतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना खुणांची भाषा येत होती. इथून पुढे शालनताईंचे जे बोलणे येते, ते हातांनी केलेले आहे.

दिलशादने नोंद काढून दाखवली. फीत अठ्ठेचाळीस सेकंदांची. हस्तवाचक, म्हणजे हातांच्या हालचालींतला अर्थ मोजणारे यंत्र, त्याने निकाल दिला होता : शून्य.

“तुमच्या यंत्राला चष्मा लागलाय,” शालनताई म्हणाल्या. “ती माझ्याशी बोलतेय.”

आईला लिहिता येत नव्हते आणि मुलीला ऐकू येत नव्हते. मुलगी दोन वर्षांची असल्यापासून दोघींनी घरातच खुणा जुळवल्या होत्या. ही भाषा जगात दोघींनाच येत होती. डोक्याला तेल चोळल्याची खूण म्हणजे रविवार, कारण न्हाणे रविवारी असे. हनुवटीवर दोनदा बोट म्हणजे शालन; तिथे तिला तीळ आहे. दोन बोटे मनगटापासून कोपरापर्यंत चालवली की ‘मी येते’. कपाळावरून तळहात पुसला की ‘रागावू नको’.

दिलशादने फीत सावकाश चालवली. मिस लोला हसत डोक्याला तेल चोळते. फुलांच्या माळेशी खेळत हनुवटीला दोनदा बोट लावते. कपाळावरून तळहात फिरवते. मग दोन बोटे हातावरून वर चालत जातात. हस्तवाचकाला वस्तूची जाहिरात करणाऱ्या हालचाली वगळायला शिकवलेले होते. तेलाच्या जाहिरातीत डोक्याला तेल लावणारी बाई त्याने सुरुवातीलाच बाजूला टाकली होती, आणि तिच्यामागची सगळी ओळही.

रविवार. शालन. रागावू नको. मी येते.

त्यानंतर पार्वतीबाई दोन्ही हात समोर पसरतात, आणि नेमका त्याच क्षणी कॅमेरा खाली उतरतो. उरलेले एकोणीस सेकंद पडद्यावर फक्त कंबर आहे.

शालनताईंनी फीत अकरा वेळा पाहिली. मग त्यांनी सांगितले की हात पसरून पुढे दोनच गोष्टी येतात. करंगळीत करंगळी अडकवली तर ‘तुला घेऊन जाते’. तळहात दोनदा पुढे ढकलला तर ‘तू तिथेच राहा’.

जून १९८१ मध्ये आईने त्यांना मिरजेच्या शाळेत ठेवले. शालन सात वर्षांची होती. दिवाळीला नेईन, असे आईने फाटकात उभे राहून सांगितले होते. दिवाळीत ती आली नाही, नंतरही आली नाही. दोन वर्षांनी मामा आला आणि आई काविळीने गेल्याचे हेडमास्तरांना सांगून निघून गेला. आपल्याला टाकून दिले, हे शालनने तेव्हाच धरले. पुढे लग्न झाले, शाळेच्या कागदांवर माहेरचेच आडनाव राहिले, मुलगा झाला, तो दूर देशी गेला. आईचा फोटो घरात कधी लागला नाही. होताच कुठे, असे त्या म्हणत.

“पण जाहिरातीत निरोप कशाला?” दिलशादने विचारले.

शालनताईंनी समजावले : सुट्टीत घरी न जाणाऱ्या मुलांना दिवाळीत एकदा चित्रपटाला नेतो, हे हेडमास्तरांनी प्रवेशाच्या दिवशी पालकांना सांगितले होते. आईला ते कळले असणार. गावोगावच्या चित्रपटगृहांत आपली जाहिरात लागणार, हेही तिला माहीत होते. ज्या मुलीला पत्र वाचता येत नाही आणि फोन ऐकू येत नाही, तिला गाठायचा तेवढाच एक रस्ता होता.

“मग तुम्ही गेला होता का, मावशी?”

गेलो होतो, असे शालनताईंनी सांगितले. पण गर्दी नको म्हणून सर मुलांना जाहिराती संपल्यावर आत सोडत. मुले दाराबाहेर रांगेत उभी होती. दाराला जाड कापडी पडदा होता. त्याच्या कडेने उजेड लुकलुकत होता, एवढे त्यांना आठवते.

दिलशादने हरकत नोंदवून घेतली आणि त्याच संध्याकाळी या फितीचा वंशवृक्ष काढला, म्हणजे तिच्यावरून पुढे काय काय तयार झाले याचा तक्ता. पहिली फांदी १९८३ ची होती. कुठल्याशा कारखान्याने मिस लोलावरून प्लास्टिकची बाहुली काढली होती. ट्रक, टेम्पो, टॅक्सीच्या काचेपाशी चिकटवायची, कमरेत स्प्रिंग असलेली. एक हात कमरेवर, दुसरा डोक्यावर.

बाहुलीचे चित्र दोघींनीही ओळखले. दिलशादच्या वडिलांच्या जीपमध्ये ती होती. लहानपणी ती तिच्या कमरेला टिचकी मारत असे. शाळेच्या टेम्पोतही होती. शालनताई तीस वर्षे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून ती डुलताना पाहत आल्या होत्या.

“रविवार,” शालनताईंचा हात आपोआप डोक्याकडे गेला. “सगळ्या रस्त्याने रविवार, रविवार करत होती. मी त्या ड्रायव्हरला म्हणायचे, काढ ती निर्लज्ज बाई.”

सुनावणी गुरुवारी, २४ तारखेला झाली. दरम्यान दिलशादने हस्तवाचकाला घरच्या खुणा शिकवल्या होत्या. एकूण दोनशे सात, शालनताईंना आठवल्या तेवढ्या. आता यंत्राने पहिल्या एकोणतीस सेकंदांत अर्थ असल्याचे मान्य केले. अडचण अशी, की शिकवणारी आणि दावा करणारी बाई एकच होती. दुसरा साक्षीदार नव्हता.

दिलशादची चूक इथे झाली. पुरावा पुरा व्हावा म्हणून तिने फीत पूरकयंत्राला दिली. खांद्यांचा ताण आणि कमरेचा झोक पाहून चौकटीबाहेरचे हात कसे असतील, याचा अंदाज हे यंत्र बांधते. त्याचा निकाल करंगळ्यांकडे एकावन्न टक्के, तळहाताकडे एकोणपन्नास होता. तिने टक्के सांगितले नाहीत. सुनावणीच्या आधी शालनताईंना खुर्चीत बसवून नुसते चित्र लावले. कॅमेरा आता खाली उतरत नव्हता. पार्वतीबाईंनी हात पसरले, जवळ आणले, आणि करंगळीत करंगळी अडकवली.

शालनताई उठून पडद्याजवळ गेल्या. काचेवर हात ठेवून रडू लागल्या. दिलशादला वाटले, झाले ते बरे झाले. मग त्या थांबल्या, डोळे पुसले आणि बोट दाखवून चित्र थांबवायला सांगितले.

“हिची करंगळी धड आहे.”

पार्वतीबाईंची डावी करंगळी लहानपणी उखळात सापडून तुटली होती. घेऊन जाते ही खूण त्या शेजारच्या बोटाने करत. जाहिरातीत डावी करंगळी एकदाही नीट दिसत नव्हती, त्यामुळे यंत्राला ते कळायला मार्ग नव्हता. त्याने कुणाचीही असू शकेल अशी एक करंगळी लावून दिली होती.

“मला खोटी आई नको,” शालनताई म्हणाल्या. “खरीने टाकलं असेल तर खरीनेच टाकलेलं चालेल.”

दिलशादने माफी मागितली आणि ते चित्र पुराव्यातून काढून टाकले. सुनावणीत तिने झाला प्रकार स्वतःहून सांगितला.

बेटांवरच्या नृत्यशाळांच्या परिषदेच्या वतीने मालिया काहेले या बहात्तर वर्षांच्या हुला शिक्षिका पडद्यावर होत्या. त्यांनी फीत एकदाच पाहिली. या नाचाचा आमच्या नाचाशी काडीचा संबंध नाही आणि तो जगात राहू नये, हे त्यांनी आधी स्पष्ट केले. या एका फितीवरून गेल्या महिन्यात साडेतीन हजार नव्या जाहिराती घडल्या, हा आकडाही त्यांच्याकडे होता. दिलशादने तो नाकारला नाही.

मग त्या शालनताईंकडे वळल्या. दुभाष्याला त्यांनी सावकाश सांगायला सांगितले.

“माझी आजी हॉटेलात नाचायची. तिच्या आईचं नाव ती हातांनी सांगायची. तिच्या सात फिती सापडल्या. सातही फितींत कॅमेरा तिथेच खाली येतो. ते नाव आम्हाला आजही माहीत नाही.”

शालनताईंनी विचारले, की मग फीत ठेवणार का.

“तुमची ठेवली, तर उद्या प्रत्येक जण आई घेऊन येईल,” काहेलेबाई म्हणाल्या. “वाक्य पुरं करून आणा. ते तुम्ही घरी न्या. नाच मी ठेवू देणार नाही.”

विलोपन सोमवार, १२ डिसेंबरच्या दुपारी बारापर्यंत लांबवले गेले.

चित्रपटगृहात गेलेली फीत कापून जोडलेली असते. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फीत वेगळी. तेव्हाचा प्रघात असा, की दिग्दर्शक एकच दृश्य दोनतीनदा घेई, एकदा जवळून, एकदा लांबून. लांबून घेतलेल्या दृश्यात हात दिसणार. दिलशादने आठवडाभर जुन्या प्रयोगशाळांच्या वारसांना फोन केले. २ डिसेंबरला कोल्हापुरातल्या एका गॅरेजच्या माळ्यावरून पत्र्याचा गोल डबा मिळाला. झाकणावर रंगाने लिहिले होते : ‘लोला. तेल. शिल्लक.’

डबा उघडताच आंबूस वास आला. फीत वितळून चिकटली होती. उलगडली तर भुगा झाला असता. पण ती कृष्णधवल होती, स्वस्त पडते म्हणून तशी घेतलेली, आणि कृष्णधवल फितीतले चित्र चांदीच्या कणांचे असते. क्ष-किरणांना चांदी दिसते. गुंडाळी न उलगडता, बाहेरून आत, एकेक थर वाचता येतो. त्याला एकोणीस दिवस लागणार होते. मुदत दहा दिवसांची होती. दिलशादने मुदतवाढीचा अर्ज पाठवला आणि वाचन सुरू केले.

शालनताई रोज सकाळच्या बसने सांगलीला येत. नोव्हेंबर संपायच्या आदल्या दिवशी त्यांनी हयातीचा दाखलाही देऊन टाकला होता. पाचव्या दिवशी लांबचे दृश्य सापडले. समुद्र, एक छत्री, आणि चौकटीच्या कडेला पूर्ण उंचीची एक बाई. आठव्या दिवशी तिने डोक्याला तेल चोळले.

“आतमध्ये ‘तिथेच राहा’ निघालं तर?” दिलशादने त्या दिवशी विचारले.

छप्पन्न वर्षे तेच तर मानत आल्ये, असे काहीसे शालनताईंचे हात म्हणू लागले आणि मध्येच थांबले.

रविवार, ११ डिसेंबर. कक्षाला सुट्टी होती, पण दिलशादने दार उघडले होते. शालनताई न्हाऊन, केसांना तेल लावून आल्या होत्या. दुपारी चार वाजेपर्यंत गुंडाळीचे नऊशे चौदा थर वाचून झाले होते. शेवटच्या थरात पार्वती घाडी यांनी दोन्ही हात समोर पसरलेले होते. तिथून पुढे फीत जास्तच वितळली होती; एकेक थर स्पष्ट व्हायला सोळा तास लागतील, असे यंत्र दाखवत होते, आणि हात जवळ येतात की दूर ढकलले जातात हे कळायला तसे निदान सहा थर लागणार होते.

विलोपन दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला होते, आणि मुदतवाढीच्या अर्जावर पाच वाजेपर्यंत परिषदेचे उत्तर आलेले नव्हते.