शनीची कडी कुठे गेली?

"कडी कुठं हाय गा? मले तं नुसता गोळाच दिसून राहिला!"

नंदनवन वस्तीतल्या बुद्धविहाराच्या गच्चीवर एकच हशा पिकला. विहाराची व्यवस्था पाहणाऱ्या आनंदरावकाकांचा चेहरा मात्र पडला. विहाराने दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी नवी दुर्बीण आणली होती. काकांनी स्वतः फाटकावर फलक रंगवला होता, 'शनीची कडी पाहायला या!' अख्खी वस्ती लोटली, आणि शनी निघाला बिनकडीचा!

काका गर्रकन वळले. "पायल, तूच जिन्यात ठोकली ना दुर्बीण? भिंग हललं असंल! उद्याच सदर बाजारातल्या दुकानात परत. पोरांच्या हाती असलं काही द्यायचंच नाही!"

सगळे खिचडी खायला खाली उतरले. पायल पाण्याच्या टाकीमागे रडत बसली. दुर्बीण जिन्याच्या कठड्याला लागली होती, हळूच, पण लागली होती खरी. आता तिच्यामुळे वस्तीतल्या साऱ्या मुलांची दुर्बीण जाणार होती.

"काहून रडून राहिली वं?" मोठी बहीण मेघा शेजारी टेकली. "शनी म्हणजे वायूचा भलामोठा गोळा. उभं राहायले जमीनही नाही त्याच्यावर. तू इथं ठोकलं म्हणून तिथं त्याची कडी गळून पडली काय?"

रडता रडता पायलला हसू फुटलं.

"अन् भिंग हललं असंल तं चंद्रही धड दिसायचा नाही!" मेघासोबत वरच थांबलेला तिच्या वर्गातला रोशन म्हणाला. त्याने दुर्बीण चंद्राकडे वळवली. "अरे बाप रे! काय खड्डे हायेत! आपल्या रस्त्याच्या वरताण!"

म्हणजे दुर्बीण ठणठणीत! मग घोडं अडलं कुठे? पायलने डोळे पुसले आणि पुन्हा शनी शोधला. आता मागे रांग नव्हती, घाई करणारं कुणी नव्हतं. ती बघत राहिली, बघतच राहिली.

"ताई! गोळ्याच्या दोन्ही बाजूंनी लकेर हाय! केसासारखी बारीक!"

तेवढ्यात विहारात खिचडी रांधणाऱ्या सिंधूआजी रिकामी परात धुवायला टाकीच्या नळाशी आल्या. त्यांनी परात आडवी धरली, नेमकी पायलच्या डोळ्यांसमोर. एवढी थोरली परात, पण दिसत होती नुसती कड!

"आजी, हलू नका!" पायल किंचाळली.

"काहून वं? साप हाय काय?"

"काका! वर या, लवकर!"

काका खरकट्या हातानेच धावत आले. पायलने आजींच्या हातातली परात घेऊन काकांच्या डोळ्यांसमोर आडवी धरली. "काका, काय दिसते?"

"लकेर. मस्करी लावली काय?"

पायलने परात हळूहळू तिरपी केली. लकेरीची गोल परात झाली. "शनीची कडीही आत्ता अशीच आडवी हाय, काका!" काका घास गिळायचं विसरले.

मेघाने विज्ञानाच्या मॅडमना फोन लावून परातीचं सगळं सांगितलं. "अगदी बरोबर!" मॅडम आनंदाने म्हणाल्या. "कडी जागच्या जागीच आहे. साधारण दर पंधरा वर्षांनी ती आपल्याला अशी आडवी दिसते. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"आमच्या पायलच्या!" सिंधूआजींनी तिच्या गालावरून हात फिरवला.

काका पायलसमोर खाली बसले. "चुकलं माझं, बेटा. नीट पाह्यलंच नाही अन् तुले बोललो. दुर्बीण कुठ्ठं जात नाही!"

दुसऱ्या दिवशी फाटकावर नवा फलक लागला, 'शनीची लपलेली कडी पाहायला या! दाखवणार पायल.'

संध्याकाळी दुर्बीण गच्चीवर न्यायची वेळ झाली, तेव्हा पायल जिन्यापाशी हात मागे घेऊन उभी राहिली. काकांनी सगळ्यांदेखत दुर्बीण उचलली आणि तिच्याच हातात दिली.